सीमेवरचा वीजदर : कोल्हापूरच्या उद्योजकांची मागणी आणि राज्याचे प्राधान्यक्रम

कोल्हापुरात मुख्यमंत्री येवोत, उद्योगमंत्री येवोत की ऊर्जामंत्री, उद्योजक संघटना त्यांच्या हाती जे निवेदन देतात त्यात वीजदराचा मुद्दा अगदी वरच्या बाजूला असतो आणि त्याच्या जोडीला शेजारच्या कर्नाटकातील दराचा दाखला असतो. सरकारे बदलली, संघटनांचे अध्यक्ष बदलले, तरी निवेदनाचा हा भाग जवळपास जसाच्या तसा राहिला. एखादी मागणी इतका काळ टिकते, तेव्हा ती मान्य करणे सरकारला परवडणारे नसते किंवा ती ज्या शब्दांत केली जाते त्यांत पुरती मांडलेली नसते. कोल्हापूरच्या प्रकरणात या दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या आहेत, पण दुसरीकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. उद्योजक कमी दर मागतात. त्यांच्या कारखान्याचे गणित मात्र दराच्या आकड्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तो दर किती काळ टिकेल यावर अडलेले आहे.

पार्श्वभूमी

बाहेरच्या माणसाला कोल्हापूर म्हटले की चप्पल, गूळ आणि तांबडा-पांढरा आठवतो. जिल्ह्यात सुमारे 300 फौंड्री (धातू वितळवून साच्यात ओतणारे कारखाने) आहेत आणि देशभरातील वाहन, पंप व ट्रॅक्टर उद्योगाला लागणारी कास्टिंग, म्हणजे ओतीव सुटे भाग, येथून जातात, हे त्या मानाने कमी लोकांना ठाऊक असते. राजर्षी शाहू महाराजांनी 1906 मध्ये सुरू केलेली शाहू मिल आणि पुढे शेतीसाठी लागणाऱ्या ऑइल इंजिनांची दुरुस्ती व निर्मिती यांतून येथे कारागिरांची जी पिढी उभी राहिली, तिने शिवाजी उद्यमनगर वसवले. जागा अपुरी पडू लागली तेव्हा उद्योग पंचगंगेपलीकडे पुलाची शिरोलीला, दक्षिणेला गोकुळ शिरगावला आणि नंतर कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत गेले. प्रत्येक वसाहतीची स्वतंत्र संघटना आहे : शिरोलीची स्मॅक, गोकुळ शिरगावची गोशिमा, कागल-हातकणंगलेची मॅक. शहरात कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन आहे आणि व्यापाऱ्यांची चेंबर ऑफ कॉमर्स वेगळी. राज्याच्या धोरणाविषयी ‘कोल्हापूरच्या उद्योजकांचे मत’ असे जे म्हटले जाते, ते या चार-पाच संघटनांनी एकत्र बसून ठरवलेले मत असते. त्यात काय येते आणि काय वगळले जाते, हा या प्रकरणातला महत्त्वाचा भाग आहे.

भट्टीचा हिशेब

विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण 550 ते 650 युनिट वीज लागते. वितळलेले सगळे लोखंड विकले जात नाही. रनर आणि रायझर, म्हणजे साच्यात धातू पोहोचवणाऱ्या वाटांत गोठलेले जादा लोखंड, तोडून पुन्हा भट्टीत जातात, काही नग तपासणीत बाद होतात आणि विक्रीयोग्य माल वितळलेल्या धातूच्या साठ-पासष्ट टक्क्यांच्या आसपास राहतो. म्हणजे विकण्याजोग्या एक टन कास्टिंगमागे नुसत्या वितळणीची वीजच 850 ते 1,100 युनिटांच्या घरात जाते. वाळूचा प्लांट, कॉम्प्रेसर आणि कास्टिंगचा पृष्ठभाग साफ करणारे शॉट ब्लास्टिंग यांची वीज वेगळी. कास्टिंगचा भाव किलोवर ठरतो, त्यामुळे युनिटला रुपया वाढला तर किलोला रुपया वाढला, असा ढोबळ हिशेब मांडता येतो. ज्या धंद्यात वाहन कंपनीचा खरेदी अधिकारी किलोमागे पैशांत घासाघीस करतो, तेथे रुपया ही लहान रक्कम नाही. स्क्रॅप किंवा पिग आयर्नचा भाव वाढला तर अनेक करारांत ठरावीक काळाने दर सुधारून मिळतो. विजेचा दर वाढला तर ती वाढ बहुधा पुरवठादारालाच सोसावी लागते.

यात वेळेचा हिशेब मिसळला की प्रश्न आणखी गुंततो. महावितरणच्या उच्चदाब औद्योगिक ग्राहकांना बरीच वर्षे रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत युनिटमागे 1.50 रुपये सवलत मिळत असे आणि संध्याकाळी 6 ते 10 या वेळेत 1.10 रुपये जादा लागत. रात्रीचे युनिट आणि संध्याकाळचे युनिट यांच्यात 2.60 रुपयांचे अंतर असल्यामुळे फौंड्रींनी आपली कामाची घडीच त्याप्रमाणे बसवली : मोल्डिंग दिवसा, वितळण रात्री. साचे संध्याकाळपर्यंत भरून ठेवायचे, दहाच्या ठोक्याला भट्टीवर भार घ्यायचा आणि उजाडेपर्यंत हीट (वितळलेल्या धातूचा एकेक घाणा) काढत राहायचे. या घडीसाठी साचे ठेवायला जागा लागते, मोल्डिंग बॉक्स जास्त लागतात, रात्रपाळीचे अनुभवी मेल्टर लागतात, आणि गार पडलेली भट्टी पुन्हा तापवण्यात वीज आणि भट्टीचे आतले अस्तर (लायनिंग) दोन्ही खर्ची पडत असल्याने हीटा शक्यतो एकापाठोपाठ एक घ्याव्या लागतात. हे सगळे भांडवल रात्रीच्या सवलतीवर विसंबून गुंतवले गेले.

2025 मध्ये चित्र उलटले. सौर वीज वाढल्यामुळे दिवसा वीज मुबलक आणि संध्याकाळी टंचाई, या नव्या वास्तवाला अनुसरून राज्य वीज नियामक आयोगाने सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या सौर तासांत सवलत आणि संध्याकाळी 5 ते मध्यरात्री 12 या वेळेत जादा आकार अशी रचना केली. रात्रीची जुनी सवलत गेली. वीजव्यवस्थेच्या दृष्टीने हा बदल तर्कशुद्ध आहे, आणि त्याला सरसकट विरोध करणाऱ्या उद्योजकांनी सौर विजेचा वाढता वाटा नजरेआड केला आहे, असे माझे मत आहे. परंतु ज्याने रात्रीसाठी कारखाना बांधला, त्याला दिवसा एकाच वेळी मोल्डिंग आणि वितळण करायची तर जागा, क्रेन आणि माणसे यांची फेरमांडणी करावी लागते. दोन किंवा तीन पाळ्या चालवणाऱ्याला तर संध्याकाळचा जादा आकार टाळताच येत नाही.

त्यातही खटकणारी गोष्ट बदलाच्या पद्धतीची आहे. आयोगाने 28 मार्च 2025 रोजी पाच वर्षांसाठी, म्हणजे 2029-30 पर्यंतच्या दरांसाठी, आदेश दिला. काही दिवसांतच महावितरणच्या मागणीवरून त्याला स्थगिती मिळाली, 25 जूनला फेरआदेश निघाला, 1 जुलैपासून तो लागू झाला आणि पुढे वाद न्यायालयात गेला. पाच वर्षांचे दर आधी जाहीर करण्यामागचा हेतू ग्राहकाला नियोजन करता यावे हाच असतो. तो आदेश तीन महिन्यांत बदलतो, तेव्हा दर वाढला की घटला हा प्रश्न मागे पडतो आणि नवी भट्टी घ्यावी की थांबावे, हा पुढे येतो. भट्टी, ट्रान्सफॉर्मर आणि वाढीव मंजूर भार यांचे कर्ज पाच ते सात वर्षे फेडायचे असते.

कर्नाटकाचा इशारा

गेल्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांत कोल्हापूरच्या उद्योजकांनी वीजदराच्या निषेधार्थ कर्नाटकात स्थलांतर करण्याचा इशारा दिला आणि कर्नाटकानेही सीमाभागात जागा देण्याची तयारी दाखवली. भूगोल या इशाऱ्याला अनुकूल आहे. पंचतारांकित वसाहतीतून निघालेला ट्रक कागल सोडताच कोगनोळीच्या नाक्यावर कर्नाटकात शिरतो, पुढे निपाणी, मग तवंदी घाट. बेळगाव हे स्वतःच फौंड्रीचे जुने केंद्र आहे. ज्या निपाणी-बेळगावसाठी कोल्हापुरात आजही सीमालढ्याचे मोर्चे निघतात, त्याच दिशेला कारखाना हलवण्याची भाषा याच शहरात व्हावी, यातला विरोधाभास त्या वेळी फारसा कोणाला बोचला नाही.

घाऊक स्थलांतर झाले नाही. काहींनी पलीकडे जागा पाहिल्या, विस्ताराचा विचार केला. पण फौंड्री म्हणजे चार भिंती आणि भट्टी नव्हे. उद्यमनगरातला साच्यासाठी पॅटर्न (नमुना) करणारा, शिरोलीतले मशिनिंगचे जॉबवर्क करणारे छोटे शॉप, फेटलिंगचा (कास्टिंग घासून साफ करण्याचा) ठेकेदार, भट्टीचे लायनिंग ठोकणारा, धातूची तपासणी करणारी प्रयोगशाळा, वापरलेल्या वाळूचे पुनर्प्रक्रिया केंद्र, हा सगळा गोतावळा एका दिवसाच्या अंतरात लागतो. मोठा कारखाना तो सोबत घेऊन जाऊ शकतो. ज्याच्याकडे चाळीस-पन्नास माणसे आहेत त्याला ते शक्य नाही, आणि कोल्हापुरात बहुसंख्य उद्योग दुसऱ्या प्रकारचे आहेत.

सरकारने हे बरोबर ओळखले होते. इशारा प्रत्यक्षात येणार नाही हे कळल्यावर त्याची धार गेली आणि तो निवेदनातले एक नेहमीचे वाक्य बनून उरला. संघटनांनी या टप्प्यावर आपली मांडणी बदलायला हवी होती. स्थलांतर दिसते, त्याची बातमी होते. न झालेला विस्तार दिसत नाही. शेजारच्या राज्यात उभी राहिलेली दुसरी भट्टी, पुण्याच्या किंवा चेन्नईच्या ग्राहकाला नाकारलेली वाढीव ऑर्डर, मुलाने फौंड्री न काढता आयटीत केलेली नोकरी, या तोट्यांची नोंद संघटनांनी पद्धतशीरपणे ठेवली असती, तर मंत्रालयात तिला उत्तर द्यावे लागले असते.

राज्याची बाजू

औद्योगिक दर चढा राहण्यामागे क्रॉस सबसिडी आहे : शेतीपंप आणि लहान घरगुती ग्राहकांना खर्चापेक्षा कमी दराने वीज दिली जाते आणि त्याची भरपाई काही अंशी उद्योग व व्यापारी ग्राहकांकडून होते. 2024 मध्ये राज्याने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल माफ केले आणि त्यासाठी वर्षाला सुमारे 14,760 कोटी रुपयांचा भार तिजोरीवर घेतला. शेतीचे फीडर सौर विजेवर नेऊन हा बोजा उतरवण्यासाठी 16,000 मेगावॅटची सौर कृषी वाहिनी योजना हाती घेण्यात आली आहे. ती पुरी झाली तर क्रॉस सबसिडीचे मूळ कारणच आक्रसते, आणि उद्योगांना स्वस्त वीज देण्याचा राज्याकडे असलेला सर्वांत भक्कम मार्ग हाच आहे. उद्योजकांच्या निवेदनांत मात्र या योजनेच्या प्रगतीविषयी क्वचितच एखादी ओळ असते.

याला कोल्हापुरात एक घरगुती कारणही आहे. येथील पुष्कळ उद्योजक उसाच्या शेतकरी घरातून आले आहेत. थोरला भाऊ गावाकडे मळा पाहतो आणि धाकटा गोकुळ शिरगावला फौंड्री चालवतो, अशी घरे करवीर-कागलमध्ये विरळ नाहीत. एकाच कुटुंबात शेतीपंपाचे माफ झालेले बिल आणि कारखान्याचे वाढलेले बिल एकत्र येतात. शेतीची सवलत काढा, असे हा उद्योजक जाहीरपणे म्हणू शकत नाही आणि बहुधा त्याला तसे वाटतही नाही.

दुसरी अडचण प्रादेशिक समतोलाची. दांडेकर समितीने 1984 मध्ये विभागांच्या विकासातला अनुशेष मोजला, 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळे आली आणि 2016 पासून विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र तसेच डी व डी प्लस (औद्योगिकदृष्ट्या मागास तालुक्यांच्या) गटांतील उद्योगांना वीजदरात खास सवलत मिळू लागली. पश्चिम महाराष्ट्र पुढारलेला मानला गेल्याने कोल्हापूरचे बरेच उद्योग या सवलतीबाहेर राहिले. कागदावर हे योग्यच आहे. पण नागपूरच्या उद्योगाला दिलेली सवलत नागपूरला टिकवते, तशी कोल्हापूरला न दिलेली सवलत नागपूरला काही मिळवून देत नाही. तिचा लाभ बेळगावला होतो. मागासलेपणाच्या निकषाशेजारी सीमावर्ती स्पर्धेचा निकष ठेवावा, ही संघटनांची मागणी म्हणूनच विचारात घेण्यासारखी आहे. तिला पुरावा जोडला गेला नाही, एवढीच तिची उणीव आहे.

तिजोरीचा आकडाही दुर्लक्षण्याजोगा नाही. 2025-26 च्या अर्थसंकल्पात 45,891 कोटींची महसुली तूट आणि 9.32 लाख कोटींचे कर्ज अंदाजले आहे, आणि एकट्या लाडकी बहीण योजनेसाठी 36,000 कोटींची तरतूद आहे. या योजनेवर कारखानदार खासगीत नाक मुरडतात, तर महाद्वार रोड आणि राजारामपुरीतल्या दुकानदारांना गिऱ्हाइकाच्या हातात आलेले 1,500 रुपये नकोसे नाहीत. उद्योगांना गुंतवणुकीसाठी सवलती देणाऱ्या राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेतील अनुदान वेळेवर मिळत नाही, ही उद्योजकांची तक्रार मात्र जुनी आहे. कागदावरची सवलत तीन वर्षांनी हाती पडत असेल, तर तिच्या भरवशावर बँक कर्ज देत नाही.

जेथे एकमत नाही

वीजदराच्या मुद्द्यावर जिल्हा एक आहे, असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात इचलकरंजीचा यंत्रमागधारक वेगळ्या सवलतीच्या दरावर चालतो आणि ती सवलत टिकावी म्हणून सरकारकडे जातो. फौंड्रीला अशी सवलत नाही, म्हणून तिला एकूण दर खाली यायला हवा असतो. साखर कारखान्याची स्थिती आणखी निराळी, कारण बगॅसपासून (उसाच्या चिपाडापासून) केलेली वीज तो महावितरणला विकतो आणि त्याला खरेदीचा दर वाढून हवा असतो. आयोगापुढे आकडेवारीसह हरकती घेण्याचे काम इचलकरंजीतून चालणाऱ्या महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेने वर्षानुवर्षे केले. तसा चिवटपणा वसाहतींच्या संघटनांनी, त्यांच्याकडे पैसा आणि माणसे अधिक असूनही, त्या प्रमाणात दाखवला नाही.

रस्त्यांबाबतही असेच आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरांत शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला. 2019 मध्ये तर आठवडाभर शहर आणि शिरोली वसाहत यांच्यातली वाहतूक ठप्प झाली आणि कामगार, कच्चा माल, तयार माल जागच्या जागी अडकले. हा महामार्ग पुरात चालू राहील अशी व्यवस्था करणे आणि 2016-17 च्या रेल्वे अर्थसंकल्पात मंजूर झालेला 107 किलोमीटरचा कोल्हापूर-वैभववाडी मार्ग मार्गी लावणे, या दोन गोष्टींवर कोणाचा वाद नाही. राज्य सरकारचा आग्रह मात्र सुमारे 802 किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गावर आहे. जून 2025 मध्ये त्याच्या भूसंपादनासाठी व नियोजनासाठी 20,787 कोटींना मंजुरी मिळाली, आणि कोल्हापुरातील शेतकऱ्यांचा त्याला कडवा विरोध आहे. संघटनांनी या प्रश्नावर बहुतांशी मौन पाळले. शेतकरी घरातले उद्योजक बोलले तर सरकार दुखावते आणि गप्प बसले तर भावकी, हे समजण्यासारखे आहे. तरीही कास्टिंग बंदरापर्यंत नेणारा रेल्वेमार्ग वर्षानुवर्षे कागदावर असताना राज्याचा पैसा कोठे जावा, यावर उद्योगाने मत देणे अपेक्षित होते.

संघटनांची बाजू सर्वांत लंगडी पडते ती हद्दवाढीत. 1972 मध्ये महापालिका झाली तेव्हापासून शहराचे क्षेत्र 66.82 चौरस किलोमीटरच राहिले आहे. 18 गावे आणि दोन औद्योगिक वसाहती घेऊन शहर वाढवण्याच्या प्रस्तावाला गावांइतकाच उद्योजकांनीही विरोध केला, अखेर 2017 मध्ये 42 गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण काढून सरकारने वेळ मारून नेली. शहराचा घरफाळा लागू झाला तर खर्च वाढेल आणि मोबदल्यात काही मिळणार नाही, ही उद्योजकांची भीती महापालिकेचा कारभार पाहता निराधार म्हणता येत नाही. पण विमानतळ, उच्च न्यायालयाचे 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झालेले सर्किट बेंच, चांगली शाळा-रुग्णालये, परगावच्या अभियंत्याला राहावेसे वाटेल असे शहर, या सगळ्यांची मागणी करायची आणि त्या शहराच्या कराच्या कक्षेत यायचे नाही, या दोन भूमिका शेजारी ठेवल्या की जुळत नाहीत. जे उद्योजक राज्याला दीर्घ मुदतीचा विचार करायला सांगतात, ते आपल्या दारातल्या प्रश्नावर पुढच्या वर्षीच्या बिलापलीकडे पाहत नाहीत.

पुढची याचिका

पुढील दरयाचिकेपूर्वी वसाहतींच्या संघटनांना काही कामे स्वतः करता येतील आणि त्यासाठी मंत्र्याची वेळ घ्यावी लागत नाही. पन्नास-साठ फौंड्रींच्या मीटरमधील वर्षभराची तासागणिक नोंद गोळा केली, तर किती भार खरोखर दिवसा हलवता येतो आणि किती नाही, हे आयोगापुढे मांडता येईल. सरसकट विरोधापेक्षा, कामाची घडी बदलण्यासाठी दोन-तीन वर्षांची मुदत आणि त्या काळापुरता संध्याकाळचा आकार टप्प्याटप्प्याने लावावा, ही मागणी आयोगाला नाकारणे अवघड जाईल. खुल्या बाजारातून हरित वीज घेण्याची मर्यादा 2022 च्या केंद्रीय नियमांनी 100 किलोवॅटपर्यंत खाली आणली आहे. एकट्या लहान फौंड्रीला सौर प्रकल्प झेपत नसला तरी सामूहिक कॅप्टिव्ह (ग्राहकांनी मिळून स्वतःच्या वापरासाठी प्रकल्प उभारण्याच्या) पद्धतीत 26 टक्के भांडवल ग्राहकांनी मिळून घालायचे असते, आणि तेथे संघटनाच मध्यस्थ होऊ शकते. अर्थात त्यातली वीज दिवसाची असेल, त्यामुळे वितळण दिवसा आणण्याचा प्रश्न या मार्गानेही सुटत नाही. ज्यांच्याकडे जागा आहे असे पंचतारांकित वसाहतीतले कारखाने तो आधी सोडवतील. शिरोलीतल्या दहा-बारा गुंठ्यांच्या प्लॉटवर साचे, भट्टी आणि तयार माल एकाच छपराखाली ठेवणाऱ्या मालकासाठी मात्र आयोगाकडे मागायची मुदत हाच खरा दिलासा आहे, आणि संघटनेच्या कार्यकारिणीत त्याच्यासारखे सभासद किती आहेत, यावर ती मागणी निवेदनात येईल की नाही हे ठरणार आहे.